आजोबांची जीप १/२४ मध्ये करतोय, बोनेटपाशी अडलोय

निफाडकर (६ जुलै, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. स्केल मॉडेलचा नाद सहा वर्षांपासून आहे (१/२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं), राहतो नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी अंबडला टूलरूममध्ये, त्यामुळे कानस, व्हर्नियर, बारीक ड्रिल हे सगळं हाताच्या सवयीचं. आतापर्यंत अकरा गाड्या झाल्या, सगळ्या जपानी नाहीतर युरोपियन, डब्यातून काढल्या, जोडल्या, रंगवल्या, कपाटात ठेवल्या. गेल्या दिवाळीत आजी कपाटापुढे उभी राहिली, सगळ्या गाड्या एकेक करून बघितल्या आणि म्हणाली, "यात आपली जीप कुठंय रे?"

आपली जीप म्हणजे आजोबांची महिंद्रा. छोटी, चपट्या मडगार्डची, हिरवी. द्राक्षबागेत सगळी कामं तिच्यावर, पाण्याचे ड्रम, खताच्या गोण्या, कॅरेट, लग्नाला जायचं तर तीच आणि दवाखान्यात न्यायचं तरी तीच. आजोबा गेल्यावर विकली. फोटो तीनच आहेत, त्यातल्या एकात आत्याच्या लग्नाचं वऱ्हाड पुढे उभं आहे आणि मागे जीपचा अर्धा भाग दिसतो.

या जीपचा आयता किट मला कुठे मिळाला नाही. इटालेरी या कंपनीची १/२४ मधली विलीस एमबी मिळते, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जीप, तीच मागवली. वाटलं होतं लष्करी हिरव्याऐवजी आपला हिरवा रंग मारायचा, स्टेअरिंग उजवीकडे घ्यायचं, झालं. बॉडी कोरडीच जुळवून टेबलावर ठेवली, शेजारी आजोबांचा फोटो ठेवला, आणि दहा मिनिटात कळलं की ही आपली जीप नाहीच. नाक वेगळं आहे. आमच्या जीपचं बोनेट उंच, तोंड उभट, आणि ही युद्धवाली पुढून एकदम बसकी. जाळीच्या खाचा मोजल्या तर किटला नऊ आणि फोटोत सात.

तर प्रश्न असा, बोनेट उंच करायचं तर नेमकं कुठून कापू, आणि अजून काय काय बदलावं लागेल? ज्यांनी खऱ्या जीपवर काम केलंय त्यांनी प्लीज सांगा. घाई नाही, पण जीप ओळखू आली पाहिजे. आजी ८४ वर्षांची आहे, नजर अजून पक्की आहे.

सातपूरचा_फिटर (७ जुलै, सकाळी ७.१०)

निफाडकर, तुम्हाला दहा मिनिटात फरक दिसला हे वाचून बरं वाटलं. मी तीस वर्षं जीपच उघडल्या-बांधल्या, आता घरी असतो, सावकाश सांगतो.

तुमच्या आजोबांची जी होती ती सीजे-३बी च्या घराण्यातली. अमेरिकेत विलीसने ती १९५३ ला काढली, तिकडे १९६८ ला बंद झाली, आपल्याकडे महिंद्राने तोच आकार पुढेही कित्येक वर्षं चालवला. आता नाक उंच का, तर इंजिनामुळे. युद्धातल्या जीपचं इंजिन एल-हेड, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बाजूला, त्यामुळे हेड चपटं. पुढे हरिकेन इंजिन आलं, त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि एक्झॉस्ट खालीच ठेवले. साईज तीच, १३४ क्युबिक इंच म्हणजे २.२ लिटर, पण उंची वाढली आणि जुन्या बोनेटखाली मावेना. मग बोनेट वर घेतलं, जाळी उंच केली, काचेखालचा पत्राही वर आला. पुढे आपल्याकडे त्यात प्यूजोचं डिझेल बसलं तरी तोंड तेच राहिलं.

म्हणून नुसतं बोनेट उचलू नका. बोनेट, जाळी आणि काचेखालचा पत्रा तिन्ही एका मापात वर गेले पाहिजेत, नाहीतर टोपी घातल्यासारखं दिसेल.

बाकी फरक आठवतील तसे. युद्धवालीचे हेडलाईट जाळीच्या आत दबलेले, आपले बाहेर आलेले. युद्धवालीची पुढची काच दोन भागांची, आपली एकसंध. तिला मागे फाळकाच नाही, बंद पत्रा आणि त्यावर स्टेपनी. आपल्याला फाळका, दोन बाजूंना साखळ्या, स्टेपनी बाजूला. युद्धवालीच्या डाव्या अंगाला कुऱ्हाड-फावडं अडकवायच्या खोबण्या असतात त्या लांबी (पुट्टी) भरून बुजवा. चाकाच्या रिंगा पण बघा, तिच्या रिंगा दोन भाग बोल्टने जोडलेल्या, आपल्या साध्या. आणि पेट्रोलचं तोंड युद्धवालीला ड्रायव्हरच्या सीटखाली असतं, सीट उचलून भरायचं, आपल्याला बाहेरून.

मीटर दोन्हीकडे मधोमध, तेवढं काम वाचलं तुमचं.

कात्री_कागद (७ जुलै, दुपारी २.३०)

किती सुंदर उत्तर दिलंय काका. वाचनखूण साठवली.

निफाडकर, मी आर्किटेक्टकडे इमारतींची मॉडेल्स करायचे, आता घरी एसटीच्या बस करते सनबोर्डच्या (फोमचे हलके बोर्ड), त्यामुळे फोटोवरून माप काढणं हे माझं रोजचं. बोनेट किती उंच करायचं हे कुणाला विचारू नका, फोटोला विचारा. जीप बाजूने दिसेल असा फोटो घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर या छोट्या जीपला ८० इंच असतं, म्हणजे २०३२ मिमी, १/२४ मध्ये ८४.७ मिमी. फोटो प्रिंट करताना एवढाच मोठा-लहान करायचा की चाकांमधलं अंतर पट्टीवर बरोबर ८४.७ येईल. मग त्या कागदावरून बोनेट, जाळी, फाळका काय हवं ते थेट पट्टीने मोजायचं, आकडेमोड नाही काही नाही. एवढं लक्षात ठेवा की १ इंच म्हणजे आपल्या मॉडेलवर साधारण १.०६ मिमी, की झालं.

फक्त फोटो जवळून काढलेला असेल तर फसाल, जवळचं चाक मोठं येतं आणि नाक सुजल्यासारखं दिसतं. तुमच्या तीन फोटोंत एकही बाजूचा नसेल तर नाशकात अजून जुन्या जीप आहेत की, एखादी गाठा, वीस-पंचवीस पावलं मागे जा, झूम करून काढा. आणि मालकाला विचारून काढा हो, लोक आनंदाने उभं राहू देतात.

दुसरं, पत्र्याची जाडी. जीपचा पत्रा खरा १ मिमीच्या आसपास, १/२४ मध्ये तो कागदापेक्षा पातळ. तुम्ही अर्धा मिमी प्लॅस्टिक शीट लावलीत तर ती खऱ्यात १२ मिमी जाड होते, म्हणजे रणगाडाच. सगळं पातळ करायची गरज नाही, मडगार्डची आणि फाळक्याची कड आतल्या बाजूने तिरपी कानशीने उतरवा, बाहेरून फक्त धार दिसली पाहिजे. मी बसच्या खिडक्यांना हेच करते. या एका गोष्टीने मॉडेल खेळण्यासारखं दिसायचं थांबतं.

एक_चौसष्ट (७ जुलै, रात्री ९.५०)

भारी धागा. मी के. के. वाघला शिकतो, १/६४ च्या छोट्या डायकास्ट (ओतीव धातूच्या) गाड्या कस्टम करतो, उघडून हव्या तशा बदलतो, म्हणजे करायला सुरुवात केलीय. अवांतर होतंय माहितीये पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो, खालचे रिव्हेट काढताना माझी बॉडीच फुटली, आणि रंग काढायला थिनर लावला तर चिकट लगदा झाला. काय चुकतंय?

निफाडकर (७ जुलै, रात्री ११.१५)

अवांतर कसलं, विचार बिनधास्त.

रिव्हेटचं डोकं फक्त उडवायचं असतं, खांब खायचा नसतो. आधी सेंटर पंचने बरोबर मधे खूण कर, मग बारीक ड्रिल, मग रिव्हेटच्या डोक्याएवढा ड्रिल, हाताने हळूहळू, डोकं सुटलं की थांब. तू बहुतेक मोठा ड्रिल थेट मशिनला लावून दाबलास. हा धातू झमॅक आहे, मुख्यतः जस्त आणि त्यात थोडं ॲल्युमिनियम वगैरे, ओतीव असल्यामुळे ठिसूळ, जोर लावला की तडकतो. नंतर त्याच खांबात भोक पाडून टॅप मार (आटे पाड) आणि एम२ स्क्रू लाव, मग हवी तेव्हा उघडता येते.

रंगाला थिनर नको, हार्डवेअरमध्ये पेंट रिमूव्हर मिळतो तो वापर, पण हातमोजे घालून आणि गॅलरीत. प्लॅस्टिकचे सगळे भाग आधी काढून घे. रंग सुटल्यावर साबणाने धू, पूर्ण वाळव आणि त्याच दिवशी प्रायमर मार, उघडी जस्ताची बॉडी तशीच ठेवू नकोस, रंग धरत नाही नंतर.

काका, ताई, तुमचे दोघांचे किती आभार मानू. रविवारी त्र्यंबक रोडला एक जीप बघून ठेवलीय, फोटो काढायला जातोय.

निफाडकर (२१ जुलै, रात्री १०.०५)

अपडेट. जीप सापडली, मालक स्वतः एक तास थांबले आणि फाळका उघडून-लावून दाखवला. बाजूचा फोटो ताईंनी सांगितला तसा लांबून काढला, प्रिंट ८४.७ ला आणली आणि ती आता माझ्या टेबलावर काचेखाली चिकटवलेली आहे.

बोनेट मधून कापलं नाही. वरचा भाग किटचाच ठेवला आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या प्लॅस्टिक शीटच्या नव्या केल्या, काचेखालचा पत्रा तेवढाच उचलला. सांधा मॉडेलच्या पातळ प्लॅस्टिक सिमेंटने जोडला. नवीन लोकांसाठी सांगतो, हे सिमेंट डिंकासारखं चिकटवत नाही, ते प्लॅस्टिक विरघळवतं आणि दोन्ही तुकडे एकमेकांत मुरतात, म्हणून आधी तुकडे जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फक्त फटीला टेकवायचं, ते आपोआप आत धावतं.

जाळीने मात्र घाम काढला. अर्धा मिमी शीटवर सात खाचा आखल्या, प्रत्येक खाचेच्या वर आणि खाली हातड्रिलने भोक, मग दोन भोकांमधली जागा ब्लेडने दोन्हीकडून हळूहळू, एका फटक्यात कापायला गेलं की मधली पट्टी फाटते. पहिली जाळी पाचव्या खाचेला गेली. दुसरी पूर्ण झाली पण खाचा बघितल्या तर उजवीकडे झुकत गेलेल्या, लांबून कळत नव्हतं, पण मला कळत होतं. तिसरी चौकोनी कानशीने घासताना तुटली. चौथ्या वेळेला युक्ती सुचली, खाचा कापायच्याच नाहीत, आठ उभ्या पट्ट्या वेगळ्या कापायच्या आणि मधे एकाच जाडीचा पत्र्याचा तुकडा अंतर राखायला ठेवून एकेक चिकटवत जायचं, वर-खाली आडवी पट्टी. टूलरूममध्ये स्लिप गेज (अचूक जाडीचे ठोकळे) लावून अंतर ठेवतो तसंच. सात खाचा, एकसारख्या. रात्री दीड वाजता झाली आणि मी बायकोला उठवून दाखवली.

एका मित्राने रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर जाळी काढून देतो म्हटलं होतं. तो मार्ग वाईट नाही, चाकाच्या साध्या रिंगा मी त्याच्याकडूनच काढून घेतल्या, पाचही एकसारख्या गोल हाताने होणं अवघडच होतं. पण जाळी हे त्या जीपचं तोंड आहे, ते मला हातानेच करायचं होतं.

सातपूरचा_फिटर (२२ जुलै, सकाळी ६.५५)

फोटो बघितला. ही आपली जीप. पुढून बघितल्यावर ओळख पटली. फक्त हेडलाईट अजून केसभर बाहेर घ्या.

निफाडकर (३ ऑगस्ट, सायंकाळी ७.२०)

मंडळी, मदत हवीय. हिरवा रंग मारला, लॅकर, एअरब्रशने, सुंदर बसला, आणि डोळ्यांदेखत वीस मिनिटात सगळीकडे पांढुरकी साय आल्यासारखं झालं. चार दिवस इथे पाऊस थांबलेला नाही. आता पूर्ण रंग काढावा लागेल का? बोनेटच्या सांध्यावर परत हात लावायची हिंमत होत नाहीये.

पंचवटी_रंगारी (३ ऑगस्ट, रात्री ८.००)

थांबा, काढू नका काहीच. आमच्या गॅरेजला पावसाळ्यात रोज होतं हे, त्याला आम्ही रंग पांढरा पडला म्हणतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो, हवेत ओल असली की ती त्या गार रंगावर दव पडल्यासारखी बसते आणि आत अडकते. रंग खराब झालेला नाही, त्यात पाणी अडकलंय एवढंच.

दोन दिवस कोरडी हवा मिळेल तेव्हा घराची दारं लावा, खोलीत एसी असेल तर तासभर चालू ठेवा, आणि त्याच ब्रँडच्या थिनरमध्ये रिटार्डर (थिनर सावकाश उडावा म्हणून मिळतो तो) घालून नुसत्या थिनरचा एकदम हलका फवारा मारा, ओला होईल इतका नको, धुकं बसल्यासारखा. वरचा थर थोडा सैल होतो, ओल निघून जाते, हिरवा परत येतो. कंप्रेसरला पाण्याचा ट्रॅप आहे ना? नसेल तर आधी तो बसवा, पाइपातूनही पाणी येतं.

आणि एक कळकळीने सांगतो, गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर या प्लॅस्टिकवर थेट मारू नका, पत्र्यासाठी आहे तो, प्लॅस्टिकला बारीक चिरा पाडतो. कुठलाही नवीन रंग आधी किटच्या उरलेल्या प्लॅस्टिक काड्यांवर (ज्यांना भाग जोडलेले येतात) मारून रात्रभर ठेवायचा, मग गाडीवर.

मास्क कुठला वापरताय? कापडी किंवा एन९५ असेल तर तो धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. कोळशाच्या डब्या लावलेला मास्क घ्या. मी पंधरा वर्षं बिनमास्कचं काम केलं, आता जिना चढताना कळतं. घरात लहान मुलं असतील तर रंगकाम गॅलरीतच, आणि वाफ ओढायला साधा एक्झॉस्ट फॅन लावू नका ज्याची मोटर वाफेतच फिरते, ठिणगी उडाली तर पेट घेईल.

निफाडकर (१० ऑगस्ट, रात्री ९.३०)

रंगारी दादा, हिरवा परत आला. मास्क पण घेतला, तुमचं वाचून त्याच दिवशी रविवार कारंजाला जाऊन आणला. मनापासून धन्यवाद.

एक_चौसष्ट (११ ऑगस्ट, दुपारी ४.४५)

दादा, तुमच्या पद्धतीने रिव्हेट काढले, तीन गाड्या उघडल्या, एकही फुटली नाही. इटालेरीचा किट मलाही घ्यायचा विचार आहे पण किंमत बघून थांबलो. एवढे महाग का असतात हे किट आपल्याकडे?

कात्री_कागद (११ ऑगस्ट, सायंकाळी ६.१०)

कारण कस्टमच्या (सीमाशुल्क) यादीत स्केल मॉडेल हे खेळण्यांच्याच ९५०३ या गटात बसतं. २०२० च्या फेब्रुवारीत खेळण्यांवरची आयात ड्युटी २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ ला ७०. त्यावर इतर कर आणि कुरियर. म्हणून मी म्हणते, आधी सनबोर्ड, प्लॅस्टिक शीट आणि पट्टी घेऊन एक वस्तू सुरुवातीपासून करून बघ, साधा टेम्पोचा हौदा केलास तरी चालेल. हात बसला की महागड्या किटमधली प्रत्येक काडी कामाला येते, वाया जात नाही.

निफाडकर (३० ऑगस्ट, रात्री ११.००)

जीप आता चाकांवर उभी आहे. हूड म्हणजे वरचं छत टिश्यू पेपरचं केलं, फेविकॉल निम्म्या पाण्यात कालवून त्यात भिजवून तारेच्या कमानींवर अंथरलं, वाळल्यावर खऱ्या ताडपत्रीसारख्या सुरकुत्या पडल्या. पुढची काच फेविकॉलनेच बसवली, मागे एकदा दुसऱ्या गाडीची काच इन्स्टंट ग्लूने लावली होती तर त्याच्या वाफेने आतून पांढरी झाली होती, ते आयुष्यभर लक्षात राहील.

आता जुनेपणा द्यायचा. मागे २०० लिटरचा लोखंडी ड्रम ठेवतोय, खरा साधारण ८८ सेंमी उंच, म्हणजे इथे ३७ मिमी, पाइपाच्या तुकड्यापासून केलाय आणि मस्त गंजवलाय. आजोबा त्यात बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं औषध) कालवून बागेत न्यायचे, तर ड्रमवरून निळसर ओघळ दाखवतो. बॉडीवर मडगार्डच्या कडेला गंज, खाली तांबडी धूळ. फोटो टाकलाय, बघून सांगा.

दिंडोरीचा_बागायतदार (३१ ऑगस्ट, सकाळी ५.४५)

राम राम. गाड्यांचं मला काही कळत नाही, पोराने धागा दाखवला आणि रात्री सगळा वाचून काढला. काम एक नंबर आहे. पण ड्रम चुकलाय भाऊ, राग मानू नका.

बोर्डो लोखंडी ड्रममध्ये कधीच कालवत नाहीत. १ टक्क्याचं म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद लोखंडाला खातो, त्यातलं तांबं सुटून लोखंडावर बसतं आणि औषध बिघडतं. आम्ही तर तयार झालं का बघायला लोखंडी विळ्याचं नाहीतर सुरीचं पातं घासून त्यात बुडवतो, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. तुमचे आजोबा जुने बागायतदार, ते लोखंडात कालवणं शक्यच नाही. निळा प्लॅस्टिकचा ड्रम असणार. आधी लाकडी पिंप असायचं.

आणि धूळ. तांबडी धूळ निफाडला कुठून आली? तिकडची काळी कसदार माती, वाळली की करडी पडते आणि चाकाला पोपडे धरते. तांबडी कोकणात.

डाग कसे पडतात तेही सांगतो. ड्रम हिंदकळतो तो जीप बांध चढताना, म्हणजे पाणी मागे येतं. फाळक्याच्या वरच्या कडेवरून आणि बिजागरीच्या फटीतून खाली ओघळतं, आणि वाळल्यावर आभाळी पांढरट पट्टे पडतात, कडा गडद, मध्य फिका, चुन्यामुळे. आणि ड्रमच्या खालचा जीपचा पत्रा मात्र खरंच गंजलेला असतो, तिथे तुमचा गंज दाखवा. पुढच्या मडगार्डला कसला गंज, तिथे माणसं टेकून उभी राहतात, तिथला रंग घासून चकाकतो.

निफाडकर (३१ ऑगस्ट, रात्री १०.४०)

काका, राग कसला. सकाळी कामाला जाताना वाचलं आणि दिवसभर डोक्यात तेच होतं. संध्याकाळी आजीला फोन केला, ड्रम कसला होता विचारलं. ती म्हणाली, "निळा. फुटका होता तळाला, मेणकापड लावून वापरायचे." लोखंडी ड्रम होता, पण तो विहिरीवर, नुसत्या पाण्याचा. माझ्या डोक्यात दोन्ही एक झाले होते.

मी त्या जीपवर खेळत मोठा झालो तरी हे विसरलो होतो. तांबडी धूळ मी परदेशी मॉडेलवाल्यांचे व्हिडिओ बघून मारली, ते सगळे गंजासाठी आणि धुळीसाठी तोच तपकिरी रंग वापरतात.

निफाडकर (२८ सप्टेंबर, रात्री ९.१५)

झाली.

लोखंडी ड्रम काढून टाकला, निळा केला, तळाशी मेणकापडाचा तुकडा. धूळ पूर्ण पुसून परत केली, निफाडहून बागेतली माती आणली, वस्त्रगाळ केली, पण ती नुसत्या रंगासाठी समोर ठेवली आणि पिगमेंट (रंगाची पूड) कालवून तसा करडा जुळवला, खऱ्या मातीचे कण या स्केलला दगड दिसतात. चाकांवर पोपडे. फाळक्यावर ऑइल पेंटचा पांढरा आणि चिमूटभर निळा, बिजागरीच्या फटीतून थेंब सोडला, पाच मिनिटं थांबून चपट्या ब्रशने खाली ओढला, तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा आखूड. कडा गडद राहायला ब्रश आधी टिश्यूवर जवळजवळ कोरडा करावा लागतो. आणि उजव्या मडगार्डवर जिथे आजोबा टेकून विडी ओढायचे तिथे हिरवा घासून खालचा जुना राखाडी दाखवलाय, साधारण हाताच्या पंजाएवढा, म्हणजे इथे आठ मिमी.

शेवटचा रंग आजोबांनी घरीच ब्रशने मारला होता, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणून फाळक्याला मी पण एअरब्रश न वापरता ब्रशनेच मारला, रेघा राहू दिल्या. बोनेटवर झेंडूची माळ आहे, खरं फूल पाच सेंमीचं धरलं तर २ मिमी, स्पंजचे कण रंगवून शिवणाच्या दोऱ्यात ओवले, मुलीने आणि मी मिळून, एक्केचाळीस फुलं.

नंबर प्लेटचं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचा पातळ छाप) घरच्या प्रिंटरवर काढलं. प्रिंटर पांढरा छापत नाही, त्यामुळे पांढऱ्या पाठीचा डेकल कागद घेतला, पाण्यात टाकायच्या आधी वार्निशचे दोन हलके हात मारले, नाहीतर शाई विरघळते. पूर्ण नंबर इथे टाकत नाही, फोटोत झाकलाय.

रविवारी गावी नेली. आजीने चष्मा लावला, हातात घेतली नाही, टेबलावरच फिरवून बघितली. फाळक्यापाशी थांबली आणि म्हणाली, "हे मोरचूदाचं आहे." मग म्हणाली साखळी डावीकडची तुटलेली होती, तिथे सुतळी बांधायचे.

सातपूरचा_फिटर (२९ सप्टेंबर, सकाळी ६.३०)

मग लावली का सुतळी?

निफाडकर (२९ सप्टेंबर, रात्री ८.५०)

आत्ताच बसलोय काका. शिवणाचा दोरा फार गुळगुळीत दिसतोय, मेण न लावलेला सुती दोरा उसवून त्याचा एक पदर पिळून बघतो. गाठ मागच्या बाजूला येईल ना, आतून?

दिंडोरीचा_बागायतदार (३० सप्टेंबर, सकाळी ५.५०)

गाठ बाहेरून. फाळका पाडताना ओढून सोडवता आली पाहिजे.